‘चालत नाहीये’ म्हणजे नक्की कुठपर्यंत चालतंय?

“कॉम्प्युटर चालत नाहीये, काय करू?” बास, एवढाच मेसेज. कुठला कॉम्प्युटर, काय करताना, कधीपासून, काही पत्ता नाही. मी बरीच वर्षं ओळखीच्या-अनोळखी लोकांच्या असल्या प्रश्नांना उत्तरं देतोय, हौस म्हणून, पैशाबिशाचा संबंध नाही, आणि त्यातून एक सवय पक्की झालीय की काय बिघडलंय ते आधी शोधायचंच नाही, कुठपर्यंत नीट चालतंय ते बघत जायचं. कारणं शंभर असू शकतात पण जिथपर्यंत चालतंय आणि जिथून पुढे अडतंय ती सीमा एकच असते, ती सापडली की पुढचं सोपं जातं.

आता वरचाच मेसेज घ्या. बटण दाबल्यावर लाइट लागते का? पंख्याचा आवाज येतो का? कंपनीचा लोगो दिसतो का? विंडोज सुरू होतं का? का पासवर्ड टाकल्यावर अडतं? लाइटच लागत नसेल तर चार्जर, वायर, सॉकेट यापलीकडे डोकं चालवायचं नाही, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, मग परत लावून बघा. लाइट आहे, पंखा आहे पण स्क्रीन काळी, तर लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडून बघा, तिथे दिसलं तर मशीन ठीक आहे, गडबड स्क्रीनमधे आहे. लोगो येतो पण विंडोज येत नाही तर डिस्क किंवा विंडोज. बघा, अजून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला नाही आणि तीन चतुर्थांश शक्यता गळून पडल्या.

नेट गेलंय

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि ‘नेट’ या एका शब्दात लोक चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात, तुमच्या मशीनपासून राउटरपर्यंतचा रस्ता, राउटरपासून बाहेरचा रस्ता, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस, आणि शेवटी ती वेबसाइट स्वतः. वायफायचं चिन्ह फुल दिसतंय म्हणजे फार तर पहिला टप्पा ठीक आहे, बाकी तिघांबद्दल ते चिन्ह काही सांगत नाही, आणि लोक मात्र मला त्या चिन्हाचाच फोटो पाठवतात.

आधी सगळ्यात सोपं, त्याच वायफायवर दुसरं काहीतरी लावून बघा. मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही? मग लॅपटॉप. (मोबाइलचा डेटा बंद करून बघा बरं का, नाहीतर तो गुपचूप स्वतःच्या नेटवर चालतो आणि तुम्ही वायफायला पास करून मोकळे.) दोन्हीकडे नाही? मग राउटर किंवा त्यापुढचं, लॅपटॉपच्या सेटिंगमधे बोटं घालू नका.

गुन्हेगार कोणीही निघो, पुढची तपासणी लॅपटॉपवर, कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत जोडून लिहून एंटर मारा. तिथे आयपीव्ही४ समोर एक नंबर दिसेल. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलाय, घरातल्या घरात सगळं ठीक. पण १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो पत्ता राउटरने दिलेला नाही, मशीनने वाट बघून बघून स्वतःच घेतलाय, म्हणजे मशीन आणि राउटर यांचं बोलणंच झालेलं नाही. वायफाय ‘फर्गेट’ करा, परत पासवर्ड टाकून जोडा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, बहुतेक वेळा इथेच मिटतं.

पत्ता ठीक आहे पण पेज उघडत नाहीत, तर तिथेच पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते विचारणारी कमांड) लिहा, एक स्पेस द्या आणि ८.८.८.८ टाका (आकडे अर्थात इंग्रजी). हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. उत्तर आलं, म्हणजे ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी दिसल्या, तर नेट चालू आहे, अगदी व्यवस्थित चालू आहे, फक्त नावावरून पत्ता सापडत नाहीये. मग वायफायच्या सेटिंगमधे डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाका. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत राहिलं आणि मोबाइलवरही नेट नसेल तर अडचण राउटरच्या पलीकडे, बहुतेक तुमच्या नेटवाल्याकडे, आणि आता फोन करताना “नेट गेलंय” ऐवजी “राउटरकडून पत्ता मिळतोय पण बाहेर पिंग जात नाही” असं सांगा, समोरचा तुम्हाला परत एकदा राउटर बंद-चालू करायला लावायच्या आधी जरा थबकतो.

सगळ्या साइट चालतायत आणि एकच चालत नाही, तर ती साइटच पडलेली असू शकते, मोबाइल डेटावर उघडून बघितलं की कळतं.

आणि स्पीडचं. “१०० एमबीचं कनेक्शन घेतलंय पण डाउनलोड १२ च्या वर जात नाही, फसवलं.” नाही हो, फसवलं नाही. कनेक्शन मेगाबिटमधे मोजतात आणि डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमधे दाखवतात, ८ बिटचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. आकडा बरोबर आहे. पण राउटरपासून दोन भिंती पलीकडे बसून ३ येत असेल तर ती मात्र वायफायची गोष्ट, २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण हळू असतो आणि शेजारच्यांच्या राउटरची, मायक्रोवेव्हची गर्दी त्यातच, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीत मार खातो. नेटवाल्याशी भांडायच्या आधी एकदा लॅपटॉप वायरने राउटरला जोडून स्पीड बघा.

घड्याळ बघा

एका काकांचा लॅपटॉप होता, म्हणाले अर्धं नेट चालतं, अर्धं चालत नाही, जवळपास प्रत्येक साइटवर ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं, व्हायरस आलाय. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, तुमचं मशीन आपल्या घड्याळाशी ते ताडून बघतं, आणि घड्याळच मागे असेल तर त्याच्या मते हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. तारीख नीट केली, सगळं चालू. रोज बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी संपलीय, डेस्कटॉपमधे बहुतेक सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची.

याच घड्याळाचा दुसरा बळी म्हणजे ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे सहा आकडी कोड. ते कोड नेटवरून येत नाहीत, फोनच्या आतच वेळेवरून तयार होतात, साधारण दर ३० सेकंदाला नवा. फोनची वेळ हाताने सेट केलेली असेल आणि दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे असेल तर कोड बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ म्हणतो. वेळ ऑटोमॅटिक करा.

स्लो झालाय

इथेही तेच, कधी स्लो? सुरू होताना? सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं? फक्त ब्राउझर? का तासाभराने? हे सांगितलं नाही तर उत्तर देणारा “फॉरमॅट मार” म्हणतो, आणि फॉरमॅट मारला की महिनाभर बरं वाटतं आणि परत तेच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयू, मेमरी, डिस्क या तीन रकान्यांत कुठला गडद होतोय बघा, आणि स्लो वाटतंय *तेव्हा* बघा, सगळं शांत असताना बघून काय उपयोग.

डिस्क १०० टक्के आणि बाकी दोन निवांत, हे दृश्य जुन्या लॅपटॉपवर इतक्या वेळा बघितलंय की आता प्रश्न पूर्ण वाचायच्या आधी मी उत्तर टाइप करायला लागतो. परफॉर्मन्स टॅबमधे डिस्कवर क्लिक करा, तिथे एचडीडी लिहिलंय का एसएसडी? एचडीडी म्हणजे आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारं हेड, प्रत्येक छोट्या फाइलसाठी ते हेड इकडून तिकडे जातं, सेकंदाला शंभराच्या आसपास फेऱ्या झाल्या की दमतं, आणि हल्लीचं विंडोज सुरू होतानाच हजारो छोट्या फाइली मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हेच काम कितीतरी पटीने उरकते. माझा स्वतःचा जुना लॅपटॉप मी भंगारात काढायला निघालो होतो, चहा करून यावा इतका वेळ सुरू व्हायला, डिस्क बदलली आणि तोच लॅपटॉप पुढे कितीतरी वर्षं चालला. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील आणि आत एचडीडी असेल तर डोळे झाकून एसएसडी, रॅम नंतर.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक ब्राउझर असतो. क्रोममधे शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते तिथे दिसतं, आणि तीन वर्षांपूर्वी एकदा काहीतरी डाउनलोड करायला टाकलेलं एक्स्टेन्शन अजून बसून खातंय हे बघून गंमत वाटते.

सीपीयू. इथे टक्क्यांबरोबर खाली स्पीडचा आकडा पण बघा. थोडा वेळ वापरल्यावरच स्लो होतो, पंखा बोंबलतोय आणि स्पीड एक गिगाहर्ट्झच्याही खाली आलाय, तर मशीन तापलंय आणि जीव वाचवायला स्वतःच हळू झालंय. गादीवर, उशीवर ठेवून वापरत असाल तर खालची जाळी बंद होते. आतली धूळ काढायला लागेल.

अजून एक. “मी रोज शटडाउन करतो तरी स्लो आहे.” विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन राहिलेलं नाही, फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, त्यात विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात. टास्क मॅनेजरमधे सीपीयूच्या खाली ‘अप टाइम’ बघा, रोज बंद करणाऱ्याचा आकडाही पंधरा-वीस दिवस निघतो! खरं ताजंतवानं व्हायचं असेल तर शटडाउन नाही, रीस्टार्ट. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

स्टार्टअप अ‍ॅप्स टॅबमधे जाऊन नको ते डिसेबल करा, तिथे डिसेबल केल्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. आणि तो ‘पीसी फास्ट करा’ वाला क्लीनर टाकला असेल तर तो आधी काढा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही) साफ करून मशीन पळायला लागलेलं मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, बिघडलेलं मात्र पाहिलंय. दोन-दोन अँटीव्हायरस पण नको, ते एकमेकांवरच नजर ठेवत बसतात, विंडोजच्या आत आहे तो डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

जागा भरली

सी ड्राइव्ह लाल झालाय. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, इथे कोण किती खातंय त्याची वाटणी दिसते, तिथूनच टेम्पररी फाइल्स उडवा. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर राहतं, जुनं विंडोज परत हवं झालं तर म्हणून, १० दिवसांनी ते आपोआप जातं, घाई असेल तर याच स्टोरेजमधून काढता येतं. पण ‘विनएसएक्सएस’ नावाच्या फोल्डरला हात लावू नका. ते अवाढव्य दिसतं कारण एकच फाइल दोन ठिकाणांहून मोजली जाते, खरं ते तेवढं नसतं, आणि आतलं काही हाताने उडवलं तर पुढचं अपडेट बसत नाही आणि मग खरंच फॉरमॅटची वेळ.

नवीन १ टीबीची डिस्क लावली आणि ९३१ जीबीच दिसते म्हणून परत करायला निघालेले लोक मी थांबवलेत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा तेवढीच आहे, मोजपट्टी वेगळी.

पेनड्राइव्हमधे जागा आहे तरी मोठा सिनेमा कॉपी होत नाही? पेनड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला असेल, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, आतलं आधी दुसरीकडे काढून.

“मला मेल येणंच बंद झालंय.” जाताहेत का? जाताही नाहीत? मग बहुतेक जागाच संपलीय. गूगलच्या फुकटच्या खात्यात १५ जीबी मिळतात पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून, आणि १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजतात, त्यामुळे दोष मेलचा नसतो, लग्नाच्या व्हिडिओचा असतो. जीमेलच्या सर्चमधे इंग्रजीत लार्जर, मग कोलन, मग १०एम असं लिहा, दहा एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. उडवा, आणि ट्रॅशसुद्धा रिकामा करा, नाहीतर जागा सुटत नाही.

फाइल उडाली

थांबा. आधी हात बाजूला घ्या. डिलीट केलं म्हणजे डेटा पुसला जात नाही, “ही जागा रिकामी आहे” एवढी नोंद होते, त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग गेलं. म्हणून रिसायकल बिनमधे नसेल तर त्या ड्राइव्हवर काहीही करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर टाकू नका, लोक नेमकं तेच करतात, शोधायला आणलेलं सॉफ्टवेअरच हरवलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसतं. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर काढून दुसऱ्या मशीनला लावा, आशा बरीच आहे. आतल्या एचडीडीतही आशा आहे. एसएसडीत फार कमी, कारण तिथे ट्रिम नावाची सोय असते, रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

हे सगळं करायच्या आधी मेलच्या सेंटमधे आणि कधी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवली होती का ते बघा. मला आलेल्या ‘फाइल गेली’ प्रश्नांतल्या बऱ्याच फाइली अशाच सापडल्यात.

मराठी अक्षरांची चटणी

हा आपला खास प्रश्न आणि यात पण तेच, अक्षरं कुठपर्यंत ठीक होती? चटणी कशी दिसतेय त्यावरून रोग ओळखता येतो, म्हणून “मराठी दिसत नाही” नको, दिसतंय ते दाखवा.

नुसते चौकोन दिसतायत: अक्षरं ठीक आहेत, मशीनकडे ती दाखवायला फॉन्ट नाही. मंगल, नोटो सान्स देवनागरी, कुठलाही युनिकोड फॉन्ट टाका, झालं.

इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, पण फॉन्टचं नाव बदललं की मराठी दिसतं: हे जुन्या पद्धतीचं टायपिंग आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे खाली साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चिकटवलेलं असतं, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळून पडतो. नवीन फॉन्ट टाकून हे कायमचं सुटत नाही, कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमधे न्यायला लागतो, आणि नेल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि पहिली वेलांटी यांच्यात कन्व्हर्टर हमखास शेण खातो. युनिकोडमधे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, प्रत्येक अक्षराचा स्वतःचा नंबर, म्हणून फोनवर, लॅपटॉपवर, शोधताना सगळीकडे तेच अक्षर राहतं.

तिसरा प्रकार, एकच चिन्ह परत परत येतंय, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यामागे एक विचित्र खूण, मग काहीतरी, परत तोच ए: हे युनिकोडच आहे, पण उघडणाऱ्या प्रोग्रामने ते चुकीच्या पद्धतीने वाचलंय. यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मधे देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइटचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, म्हणून तो ए दर तिसऱ्या घरात दिसतो. एक्सेलमधे सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की हे होतं. तशी न उघडता कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही’ घ्या, फाइल ओरिजिनमधे ६५००१ यूटीएफ-८ निवडा, मराठी सरळ येते. आणि चटणी झालेली फाइल तशीच सेव्ह करू नका, मग मूळही जातं.

आणि एक छुपा प्रकार ज्यावर मी एक अख्खी रविवार दुपार घालवलीय: डोळ्यांना शब्द तोच दिसतो पण सर्चमधे सापडत नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असल्या शब्दांतला तो आडवा र दोन रस्त्यांनी टाइप होतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, मशीनला दोन्ही वेगळे. एका यादीत निम्म्या लोकांनी एका कीबोर्डने आणि निम्म्यांनी दुसऱ्याने भरलं की ‘गोऱ्हे’ आडनावाची माणसं अर्धीच सापडतात. फाइंड-रिप्लेसमधे एक प्रकार कॉपी करून दुसऱ्याने बदलून टाका, यादी एकसारखी होते.

तुमच्या कॉम्प्युटरमधे ५ व्हायरस आहेत!!

लाल पडदा, भोंगा, आणि खाली फोन नंबर. आधी हे बघा की हे दाखवतंय कोण? ब्राउझर बंद केला की जातंय? मग ते फक्त एक वेबपेज आहे, तुमच्या मशीनच्या आत त्याने काही बघितलेलं नाही, बघूच शकत नाही. पेज बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा आणि परत उघडताना जुने टॅब रीस्टोर करू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या एररमधे फोन नंबर कधीच देत नाही, नंबर दिसला तिथेच खेळ संपला. फोन करू नका, कोणी सांगितलं म्हणून एनीडेस्क-टीमव्ह्यूअर (मशीन लांबच्या माणसाच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) टाकू नका.

ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात असल्या चिठ्ठ्या येत असतील तर तुम्ही कधीतरी कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची ‘अलाऊ’ दिलीय, ‘मी रोबो नाही’ म्हणून दाबलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमधे नोटिफिकेशन्सची यादी काढा, अनोळखी सगळं काढून टाका. अँटीव्हायरस याला काही करू शकत नाही कारण परवानगी तुमचीच आहे.

लिंक खरी का खोटी बघायला पत्ता उजवीकडून वाचा. पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे या, डॉट कॉम, त्याआधीचा शब्द, बास, साइट कोणाची ते तेवढ्यावर ठरतं. त्याच्या डावीकडे बँकेचं नाव, सिक्युअर, लॉगिन काय वाट्टेल ते लिहिता येतं. आणि पत्त्याशेजारचं कुलूप? कुलूप म्हणजे रस्ता बंदिस्त आहे, रस्त्याच्या टोकाला बसलेला माणूस भला आहे असं नाही. लोक कुलपाला भुलायला लागले म्हणून क्रोमने २०२३ मधे ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

प्रिंटर

प्रिंटरबद्दल मी फार बोलत नाही, तब्येत बिघडते. प्रिंटरवरच्याच बटणाने टेस्ट पेज निघतंय का? निघालं तर प्रिंटर ठीक, बहुतेक रांग अडकलीय. विंडोजच्या सर्व्हिसेसमधे जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, रांगेतलं सगळं काढा, परत चालू करा. वायफायचा प्रिंटर रोज ‘ऑफलाइन’ होत असेल तर बहुतेक राउटर त्याला रोज नवा पत्ता देतोय, राउटरमधे पत्ता पक्का करून टाका.

एवढं करूनही अडलं तर विचारा, पण असं

स्क्रीनवर आलेलं वाक्य शब्दन् शब्द लिहा. “काहीतरी एरर आली” म्हणजे डॉक्टरला “काहीतरी होतंय” सांगण्यासारखं. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो नको, विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा, हवा तेवढा भाग कापून मिळतो, आणि पाठवण्याआधी त्यात तुमचा मेल आयडी, खाते नंबर, ओटीपी दिसत नाही ना बघा, लोक ओटीपीसकट स्क्रीनशॉट पाठवतात हो. विंडोज आणि आर दाबून विनव्हर लिहिलं की व्हर्जन कळतं, ते सांगा. ते १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, त्यामुळे काही उत्तरांची सुरुवातच तिथून होईल, आणि ११ टाकता येईल का हा पुढचा प्रश्न बहुतेक टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपवर अडकतो, तेही बघून ठेवा.

कधीपासून होतंय, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं? “काहीच नाही केलं” हे उत्तर मला रोज मिळतं आणि चौथ्या मेसेजला कळतं की भाच्याने गेम टाकला होता.

आणि तुम्हाला मुळात काय करायचंय ते लिहा, अर्ध्या वाटेतला प्रश्न नको. एकाने विचारलं, अँटीव्हायरस पूर्ण बंद कसा करायचा. मी कारण विचारलं. एक फाइल उघडत नाही. कुठली? बिल आहे, पीडीएफ. नाव पूर्ण सांगा म्हटलं तर शेवटी पीडीएफच्या पुढे डॉट ईएक्सई. म्हणजे ते बिल नव्हतंच, प्रोग्राम होता, आणि अँटीव्हायरस बिचारा आपलं काम करत होता. मी पहिल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असतं तर?

सुटलं की येऊन सांगा कशाने सुटलं. “झालं, थँक्स” एवढंच लिहून गेलेल्या एका माणसाचा प्रिंटर नक्की कशाने सुरू झाला ते मला अजून माहीत नाही, आणि तोच प्रश्न घेऊन त्यानंतर तिघं आलेत.